भावा, हाऊसची गोष्ट हाऊसमध्ये?

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते असं:

"मी साताऱ्याजवळच्या मुलांच्या एका निवासी शाळेत बारावीला आहे. जूनमध्ये मला हाऊस कॅप्टन केलं, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या चार गटांपैकी एकाचा प्रमुख. सहावी ते बारावीची मिळून आम्ही ६४ मुलं. चार हाऊसमध्ये सलग दोन वर्षं आमचं हाऊस शेवटचं. यंदा ट्रॉफी आणायचीच होती, पण त्याआधीच अडकलोय. रात्री दिवे मालवल्यावर बारावीतले काहीजण लहान मुलांना उठवून रगडा देतात, म्हणजे मारतात, कोब्यावर रांगवतात. आंघोळीला उशीर झाला, बूट चमकले नाहीत, कारण काहीही चालतं. सहा बाथरूम आहेत, पीटी सुटल्यापासून नाश्त्यापर्यंत ४५ मिनिटं मिळतात, उशीर होतोच. आम्हीही लहानपणी रगडा खाल्लाय. मला हे बंद करायचंय, पण यात सगळ्यात पुढे असतो तो माझा सहावीपासूनचा जिवलग मित्र. गेल्या मंगळवारी सातवीतल्या एका मुलाची दोन्ही कोपरं सोलवटली. तो म्हणतो, बाथरूममध्ये पडलो. मी तेव्हा दारात उभा होतो. हाऊसच्या सरांना सांगावं तर सगळे म्हणतात, भावा, हाऊसची गोष्ट हाऊसमध्ये. न सांगावं तर झोप लागत नाही. आणि मारल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत, हेही खोटं नाही. काय करू?"

कॅप्टन,

ट्रॉफीचं शेवटी बघू. आधी ती कोपरं.

हे वाचशील त्याच दिवशी उरकायचं काम आहे, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. त्या मुलाला दिवसाउजेडी गाठ, मैदानाच्या कडेला किंवा मेसच्या ओट्यावर. तुझ्या खोलीत बोलावू नको, बारावीच्या खोलीचं बोलावणं म्हणजे काय ते त्याला पाठ आहे. "कुणी केलं?" असं विचारायचं नाही. उत्तर तुला माहीत आहे, आणि त्याच्या तोंडून नाव निघालं की उद्यापासून चुगलखोर तो ठरणार. एवढंच म्हण, "मी दारात होतो, मी बघितलंय. तू कुणाचंही नाव घेऊ नको, ते मी घेतो. चल, सिक रूमला जाऊ." आणि स्वतः बरोबर जा. जखम साबणपाण्याने धुऊन होऊ दे, रजिस्टरमध्ये तारीख-वेळ पडू दे. ओल्या फरशीवर घसरलं तर बहुधा एका बाजूला मुका मार लागतो. दोन्ही कोपरं सारखीच सोलवटतात ती कोब्यावर रांगल्याने. सिस्टरना हे शिकवायला लागत नाही.

मुलगा सिस्टरपाशी बसलेला असतानाच मित्राला गाठ. आधी मित्र आणि मग मुलगा, असं उलटं केलंस तर मधल्या वेळात कुणीतरी त्या पोराला दम देऊन येईल. मित्राची परवानगी काढायची नाही, त्याला फक्त कळवायचं. "मंगळवारचं मी आज सरांना सांगतोय. तुझं नाव घेणार, आणि मी दारात होतो हेही सांगणार. तुला आधी जाऊन स्वतः सांगायचं असेल तर अर्धा तास आहे." तो चिडेल, आठवणी काढेल, सहावीत तुझ्या तापात कोण उशाशी बसलं होतं ते सांगेल. ते सगळं खरंच असेल. तरी अर्ध्या तासाचा पाऊण तास करायचा नाही.

सरांपुढे गेलास की सुरुवात स्वतःपासून कर. "मी दारात होतो आणि थांबवलं नाही." हे तू सांगितलं नाहीस तर दुसरं कुणीतरी सांगेल, आणि मग बाकीचं सगळं हलकं पडेल. त्यानंतर काय बघितलंस, कधी, कोण कोण होतं, एवढंच. "पूर्वापार चालत आलंय" वगैरे नको. ऐकलेली गोष्ट सांगायची झाली तर ती ऐकलेली आहे असं म्हणूनच सांग. एक विनंती मात्र कर. जागा बदलायचीच झाली तर त्या मुलाची बदलू नका, मारणाऱ्यांची बदला. लहान मुलाला दुसऱ्या डॉर्मिटरीत हलवलं की सगळ्या हाऊसला वाटतं, चूक त्याचीच होती.

सर म्हणाले, "बघतो, तूच आपापसात मिटव," तर? असं होतं. शाळेचं नाव, पालकांचा गोंधळ, अशी बरीच ओझी त्यांच्याही डोक्यावर असतात. त्याच दिवशी चार ओळी लिही, तारीख घाल, एक प्रत सरांना दे आणि दुसरी प्राचार्यांना. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे आणि त्यात वसतिगृहंही येतात. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. प्रमुखांनी कानाडोळा केला तर तोही गुन्ह्याला साथ दिल्यासारखा धरला जातो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं. ही कलमं मित्रांना धमकी म्हणून ऐकवू नको. तुझं लिहिणं योग्य जागी जातंय, एवढं तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. मुलांसाठीचा १०९८ हा फोन चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो नंबर हाऊसच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लाव, कुणाला विचारत बसू नको. आणि रगड्यात कपडे काढायला लावणं, नको तिथे हात लावणं असलं काही आलं, तर अर्धा तासही नाही. त्याच मिनिटाला सर. ते पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात येतं आणि कळवणं बंधनकारक आहे.

आता "भावा".

आपल्याकडे, कराडपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत, रिक्षावाल्यापासून कलेक्टरच्या शिपायापर्यंत सगळ्यांना आपण भावा म्हणतो. पण हाऊसमध्ये तो शब्द कोण कुणाला म्हणतं ते आठवडाभर कान देऊन ऐक. बारावीचा बारावीच्याला म्हणतो, तेव्हा अर्थ असतो "गप्प बस". बारावीचा सातवीच्याला म्हणतो, तेव्हा "भावा, हे दोन जोड पॉलिश करून आण". सातवीचा बारावीच्याला कधीच भावा म्हणत नाही. एकाच दिशेने वाहणारा हा कसला बंधुभाव? मराठीत भाऊ या शब्दापासून बंधुभाव निघाला तशी भाऊबंदकीही निघाली, आणि भाऊबंदकी बहुतेक वेळा वाटणीवरूनच सुरू होते. तुझ्या हाऊसमध्येही भांडण वाटणीचंच आहे. पाण्याची वाटणी, वेळेची, कामाची, रस्सा आणि खाऊची. रगडा हा त्या वाईट वाटणीवर बसवलेला पहारेकरी आहे. वाटणी तशीच ठेवून पहारेकरी हटवलास तर आठ दिवसांत दुसरा उभा राहील.

"आम्हीही खाल्लाय" हे तर चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सहावीतलं पोर सहा वर्षं सून म्हणून काढतं ते बारावीतल्या चार दिवसांच्या आशेवर. तू ते दिवस काढून घ्यायला निघालायस, तेव्हा बारावीवाल्यांना लुटल्यासारखं वाटणारच. त्यांना त्या बदल्यात काय देणार, याचा विचार तुझ्या पत्रात नाही. तो खाली येतो.

आणि कुणी म्हणालं, "फौजी घडवायचे तर रगडा पाहिजेच," तर त्याला सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पाठव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि आजही घराघरात फौजी सापडतो. तिथल्या कुठल्याही माजी सुभेदाराला विचारावं की रात्री अकराला, दिवे घालवून, सतरा वर्षांच्या पोराने अकरा वर्षांच्या पोराला कोब्यावर रांगवणं हे कुठल्या रेजिमेंटचं ट्रेनिंग. फौजेत घाम काढणारा उस्ताद नेमलेला असतो, वेळापत्रक असतं, आणि काही झालं तर जबाब त्यालाच द्यावा लागतो.

आंघोळीचं गणित तू पत्रातच लिहून पाठवलंस, मांडलं मात्र नाहीस. बाथरूम ६, मिनिटं ४५. प्रत्येकाला ५ मिनिटं धरली तर एका बाथरूममधून ९ मुलं निघतात. सहा नवे चोपन्न. मुलं ६४. म्हणजे सगळे देवासारखे वागले तरी १० मुलं रोज बिनआंघोळीची राहणार किंवा नाश्त्याला उशिरा येणार. त्यात बारावीचे सातजण पाचाऐवजी दहा मिनिटं लावत असतील तर ३५ मिनिटं आणखी गेली, म्हणजे अजून ७ मुलं. सतराजण. हे सतरा कोण असतात ते तुला माहीत आहे. ज्या उशिरासाठी त्यांना रात्री उठवलं जातं तो उशीर सकाळी तुमच्याच नळाखाली तयार होतो.

यावर उपाय असा. दहावी ते बारावीची साधारण २४ मुलं असतील. त्यांची आंघोळ संध्याकाळी, खेळ सुटल्यावर. सहा बाथरूम, चार फेऱ्या, प्रत्येकी सात मिनिटं, २८ मिनिटांत काम संपलं. सकाळी उरली ४०, पाच मिनिटांच्या सात फेऱ्या, ३५ मिनिटं, वर दहा मिनिटं शिल्लक. बारावीवाल्यांना हे पटवणं अवघड नाही. छपरावर सोलर असेल तर दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळीच सगळ्यात कडक असतं, सकाळपर्यंत ते निवतं आणि पहिल्या दहाजणांत संपतं. शिवाय घामेजलेल्या अंगाने अभ्यासिकेत बसण्यापेक्षा हे बरं. पावसाळ्यात सातारी ढगांखाली सोलरचा उपयोग थोडाच, तेव्हा दोन्ही वेळा गार, तक्रारीला जागा नाही. सरांची संमती घे, वेळ फलकावर लाव. बाथरूमच्या दारावर नावं मात्र लिहू नको, तुकडीचा क्रमांक लिही. नाव लिहिलं की कुणीतरी ते खोडून स्वतःचं घालतो.

तुकडी म्हणजे काय ते आता. इयत्तेप्रमाणे कामं वाटली की घाण कामं सहावीकडे जातात, हा नियमच आहे. ६४ मुलांच्या आठ-आठच्या आठ उभ्या तुकड्या पाड. प्रत्येक तुकडीत सहावीपासून अकरावीपर्यंतचा किमान एकेक मुलगा हवा. तुकडीप्रमुख अकरावीचा. बारावीचे तुकडीत नावाला असतील, पण तुकडी चालवणार नाहीत. त्यांना एकेक खातं दे: मेस, मैदान, अभ्यासिका, सिक रूम, स्टोअर, भित्तिपत्रक आणि कार्यक्रम. हाच तो मोबदला. जुन्या हक्काऐवजी नवा मान. खातं म्हणजे खरोखरचं खातं असू दे, किल्ली आणि वहीसकट. नुसतं पद दिलंस तर तो दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा बूट पॉलिश करून घ्यायला लागेल.

तुकड्या पाडताना दोन चुका हमखास होतात. एक, गाववाले एकत्र येतात. जत-आटपाडीचे एकीकडे, कोरेगाव-वाईचे दुसरीकडे, आणि महिन्याभरात तुकडीचे गट होतात. चिठ्ठ्या टाक, सगळ्यांसमोर. दुसरी चूक म्हणजे काम बदलत नाही. दर रविवारी रात्री तुकडी एक पायरी पुढे सरकली पाहिजे: डॉर्मिटरी, व्हरांडा, संडास-बाथरूम, बूटस्टँड, मेस वाढणं, मैदान, अभ्यासिका, आणि एक आठवडा सुट्टी. आठ तुकड्या, आठ कामं, आठ आठवड्यांत चक्र पूर्ण. पहिल्या आठवड्यात संडास-बाथरूम ज्या तुकडीकडे, त्या तुकडीत तुझं नाव असू दे. चिठ्ठी टाकायची नाही, तिथे सरळ स्वतःला घाल. आणि फोटोपुरता झाडू धरू नको. ॲसिड शाळेचा माणूस वापरेल, मुलांच्या हातात बाटली द्यायची नाही. तुमचं काम घासणं, पाणी मारणं, मोऱ्यांच्या जाळीतले केस काढणं. ते केस काढायला कुणीच तयार नसतं. ते तू काढ.

ही कल्पना बाहेरून आणलेली नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग सुरू केलं तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुलं एका छताखाली राहायची, एका पंक्तीला जेवायची आणि बोर्डिंगची कामं स्वतः करायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. ज्या काळात पाण्याला हात लावू द्यायचा की नाही यावर गावं फुटत होती, त्या काळात ती मुलं एकत्र भाकरी खात होती. एकमेकांना भाऊ म्हणा असं सांगून ते झालेलं नाही, चूल आणि काम एक केल्याने झालं. तुझ्या शाळेतला हाऊस-कॅप्टन हा प्रकार इंग्रजी शाळांतून आला, आणि तिकडे मोठ्या मुलांच्या हाती शिस्तीबरोबर छडीही दिली गेली. त्यातली छडी सोडून दे. बाकीच्याला आपल्याकडे बोर्डिंगाचा भक्कम पाया आहे.

"मारल्याशिवाय ऐकत नाहीत" हे तू लिहिलंस. ऐकतात, पण उशिरा. माराचा परिणाम लगेच दिसतो, नोंदवहीचा महिन्याने, म्हणून मार बरा वाटतो. तुझ्या हातात ज्या शिक्षा आहेत त्या मोजक्या आहेत आणि मोजक्याच राहू देत. अंथरूण नीट घातलं नाही तर खेळाला जाण्याआधी पुन्हा घालायचं. व्हरांड्याची तुकडी चुकली तर त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा झाडायचं, सगळ्या तुकडीने, प्रमुखासकट. उशीर झाला तर वहीत नोंद. आठवड्यात तीन नोंदी झाल्या तर तुकडीप्रमुख बोलेल, पाच झाल्या तर सर. झोप, जेवण, घरचा फोन आणि पालकभेट या चार गोष्टींना कधीच हात लावायचा नाही, कितीही राग आला तरी. कोंबडा नाही, उठाबशा नाहीत. मैदानाच्या फेऱ्याही नाहीत. फेऱ्यांना आमचा विरोध निव्वळ हिशेबी आहे. जून-जुलैत ज्याला शिक्षा म्हणून पळवलंस, त्यालाच पुढे क्रॉस कंट्रीच्या लांब शर्यतीला हौसेने पळ म्हणून सांगणार कोणत्या तोंडाने?

वहीबद्दल एक सूचना. नोंद त्या मुलासमोर करायची आणि त्याला वाचून दाखवायची. गुपचूप लिहिलेली वही म्हणजे दुसरा रगडाच.

मेसमध्ये वाढपाचा क्रम बघ. रविवारी चिकन असतं तेव्हा पातेलं बारावीच्या टेबलापासून निघतं आणि सहावीपर्यंत पोचतं तेव्हा त्यात रस्सा आणि बटाटा उरतो. टेबलांना क्रमांक दे, दर आठवड्याला पातेलं पुढच्या टेबलापासून निघू दे, आणि वाढायला मेसच्या पाळीची तुकडी. चिकनच्या फोडींचा हिशेब आधी कर: आचाऱ्याकडून एकूण फोडी विचारून घे, डोक्यामागे किती ते ठरव, पहिल्या फेरीत तेवढ्याच. कॅप्टनने रोज सगळ्यात शेवटी जेवावं वगैरे आम्ही सांगणार नाही. तुला बारावीचा अभ्यास आहे. रविवारचा दिवस तेवढा शेवटी बस, पातेल्याच्या तळाशी काय उरतं ते आपोआप दिसेल.

खाऊचं जरा जपून. पालकभेटीच्या रविवारी ट्रंका भरतात आणि सोमवारपर्यंत "टॅक्स" वसूल होतो. दुसऱ्याची ट्रंक उघडणं ही चोरी, हे एकदा सगळ्यांसमोर याच शब्दात बोल. मागितलेलंही बंद, कारण बारावीच्याने मागितलं की सहावीचा नाही म्हणूच शकत नाही. पण दुसरी बाजूही आहे. काही मुलांकडे त्या रविवारी कुणीच येत नाही. कुणाचे आईबाप ऊसतोडीला असतात, कुणाचे वडील सीमेवर, कुणाकडे एसटीचे पैसे नसतात. ही मुलं त्या दिवशी दुपारभर क्रिकेट खेळताना दिसतील, आणि कुणी विचारलं तर "आमचे पुढच्या वेळी येणार" म्हणतील. त्या संध्याकाळी पाच वाजता हाऊसची भेळ ठेव. कुणाच्या ट्रंकेतून काही घ्यायचं नाही, हाऊस फंडातून, सरांच्या परवानगीने. ६४ जणांना सांगलीचं भडंग तीन किलो, फरसाण दोन किलो, कांदा तीन किलो, टोमॅटो दोन किलो, कोथिंबीर चार जुड्या, लिंबं पंधरा. भडंगात तेल-मीठ-लसूण आधीच असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका. आणि एकदम कालवू नका, पाऊण तासात लगदा होतो. तुकडीवार कालवा, तुकडीतल्या सहावीच्या मुलाच्या हातून.

रात्री दिवे गेल्यावर एक फेरी तुझी, अकरावीचा एकजण बरोबर घेऊन. एकट्याने नको, त्यात तुझंही संरक्षण आहे. बॅटरी जमिनीकडे. बघायचं काय? कुणाच्या कॉटखाली तीन-चार जोड बूट आहेत का. कोण भिंतीकडे तोंड करून जागा आहे. दिवसा कोण वर्गात झोपतो, कोण वारंवार पोट दुखतं म्हणून सिक रूमला जातो, कुणाचा घरचा फोन एका मिनिटात संपतो. आणि कुणाची चादर पहाटे ओली असते. सहावी-सातवीत हे होतं, नवी जागा आणि भीती असली की जास्तच. त्याच्यावर हसणं म्हणजे त्याची पुढची तीन वर्षं घालवणं. स्टोअरमध्ये दोन जादा चादरी ठेव, किल्ली मेट्रनकडे, आणि त्या मुलाला एवढंच सांग की पहाटे न विचारता बदलायच्या. पुढचं मेट्रन आणि डॉक्टर बघतील.

मित्राकडे परत येऊ. अनेकजण सांगतील, त्याला जबाबदारी दे, लहान मुलांचा कबड्डीचा संघ दे, सुधारेल. आम्ही म्हणू, निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नको. ज्याच्या भीतीने पोरं पहाटे चारला उठून बादली भरतात, त्याच्याच हाती त्यांना देणं हा त्या पोरांच्या जिवावरचा प्रयोग आहे. त्याला लहान मुलं नसतील असं खातं दे. स्टोअर दे, मैदानाची आखणी दे: चुना, दोरी, माप, खो-खोचे खांब. आणि मैत्री तोडू नको. शेजारी जेवायला बस, अभ्यासाला बस. तो तुझ्याशी बोलायचा बंद होईल, कदाचित महिनाभर. सरांनी त्याला शिक्षा दिली तर ती कमी करून घ्यायला जाऊ नको, पण त्याचे वडील येतील त्या दिवशी कुठे लपूनही बसू नको.

आता ट्रॉफी. शेवटच्या नंबरची हाऊसं गुण घालवतात ते शेवटच्या मुलांवर. तुमच्याकडे क्रॉस कंट्रीचे गुण कसे मोजतात ते खेळाच्या सरांकडून लिहून घे. शाळाशाळांत नियम वेगळा असतो. काही ठिकाणी पहिल्या काही नंबरांची बेरीज, काही ठिकाणी ठरलेल्या वेळात पोचलेल्या प्रत्येकाला गुण. दुसरा नियम असेल तर तुझा पहिला येणारा पोरगा जेवढा मोलाचा, तेवढाच धापा टाकत येणारा सहावीचा जाडा पोरगा. दोन महिने आधी आठवड्यातून तीनदा, आधी दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं पंधरा मिनिटं, मग दर आठवड्याला पळण्याचं एक मिनिट वाढव. पहिल्याच दिवशी यवतेश्वरचा घाट चढायला नेलास तर दुसऱ्या दिवशी अर्धे सिक रूमला.

संचलनात सगळे हात आणि टाचांवर मेहनत घेतात आणि पावलाची लांबी विसरतात. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. कदवार, म्हणजे उंचीप्रमाणे, लावल्यावर उंच मुलं पुढे-मागे आणि बुटकी मधे येतात. पुढचा सहाफुट्या पावलं ताणून टाकायला लागला की मधली पोरं चालायची सोडून उड्या मारतात आणि रांग तिथेच फुटते. मैदानावर चुन्याने ३० इंचांवर रेघा मार, पुढच्या ओळीला त्यावर चालव, बुटक्यांना नाही. "दहिने देख"ला, म्हणजे उजवीकडे बघायच्या हुकमाला, उजव्या कडेच्या मुलाने मान सरळच ठेवायची असते, त्यानेही फिरवली की सगळी रांग तिरकी जाते. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. शेवटचे तीन दिवस दोन-दोन तास घासून काही होत नाही, फक्त टाचांना फोड येतात.

सगळं एकदम सुरू करू नको. या आठवड्यात सर आणि आंघोळ, पुढच्या आठवड्यात तुकड्या, भेळ पुढच्या पालकभेटीला. दर रविवारी वीस मिनिटं सरांसमोर वही घेऊन बस, काही झालेलं नसलं तरी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, त्यामुळे डिसेंबरमध्ये कारभार अकरावीकडे गेला पाहिजे. नोव्हेंबरभर पुढच्या कॅप्टनला बरोबर घेऊन फिर. त्याला देताना वही, किल्ल्या, तुकड्यांचं चक्र, मेसच्या टेबलांचा क्रम, भेळेचा हिशेब हे सगळं लिहून दे. जादा चादरी कुणासाठी आहेत ते मात्र तोंडी सांग, वहीत नको.